ओपीडीसाठी स्नोमेडचा मेनू: बांधायच्या आधीची तयारी

स्नोमेड सीटी म्हणजे आजार, लक्षणं वगैरेंना ठरावीक कोड देणारी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसूची. डॉक्टरांना स्क्रीनवर त्यातून निदान निवडता यावं म्हणून मेनू बांधायचा, तर परवान्याचं काम आधी उरकून टाका. ती चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत 2014 पासून सदस्य असल्याने देशात स्नोमेड सीटी वापरायला पैसे पडत नाहीत, पण नोंदणी करावी लागते. तिची माहिती पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राकडे मिळते.

मग ज्या ओपीडीसाठी मेनू हवा, तिथले जुने केसपेपर मागवा, पावसाळ्यातलेही आणि उन्हाळ्यातलेही. डॉक्टर 'एचटीएन' (उच्च रक्तदाब), 'डीएम' (मधुमेह), 'यूआरटीआय' (वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग) असंच खरडतात. जास्त वेळा येणारं वर, या हिशेबाने यादी लावा आणि प्रत्येकासमोर कोड लिहा. 'डीएम' म्हणजे नुसता मधुमेह (73211009) की टाइप 2 (44054006), हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. यादी एक्सेलमध्ये असेल तर कोडचा रकाना आधीच टेक्स्ट करून घ्या. कोड 18 अंकी असू शकतो आणि एक्सेल पंधराव्या अंकापुढे गुपचूप शून्यं भरतं.

खरं डोकं लागतं ते पुढे. स्नोमेडमध्ये कोड असलेल्या प्रत्येक गोष्टीला संकल्पना म्हणतात. अशा साडेतीन लाखांवर संकल्पनांची उतरंड, म्हणजे कोण कुणाचा पोटप्रकार ही मांडणी, व्याख्येवर बेतलेली आहे. विषाणूजन्य न्यूमोनिया फुफ्फुसांच्या आजारांतही येतो आणि संसर्गातही. ही उतरंड जशीच्या तशी स्क्रीनवर आणू नका. मुळापासून डेंग्यूपर्यंत उतरेस्तोवर पुढचे चार पेशंट दारात उभे असतील. 'ताप' असं शीर्षक करून त्याखाली डेंग्यू, मलेरिया, लेप्टो शेजारीशेजारी ठेवा. मूळ उतरंडीत लेप्टो हा तापाचा पोटप्रकार नाही, पण त्याने इथे काही बिघडत नाही. कोण कुणाखाली आणि कितव्या जागी, हे ऑर्डर्ड असोसिएशन रेफसेटमध्ये (संकल्पनांच्या जोड्या क्रमासकट ठेवणारा स्नोमेडचा तक्ता) साठवा. पेशंटच्या नोंदीत फक्त संकल्पनेचा कोड जाऊ द्या, आणि अहवाल काढताना मूळ उतरंडच वापरा.

शीर्षक निवडताच नोंद होणार नाही, याची प्रोग्रामरकडून खात्री करून घ्या. पहिल्या दिवशी निदान नसतंच, तेव्हा 'ताप' हे लक्षण (386661006) त्या शीर्षकाखाली पहिल्याच ओळीत वेगळं हवं. एकच आजार दोन ठिकाणी दिसला तर दिसू द्या. नावामागे कंसात येणारं 'डिसऑर्डर' डॉक्टरांना दाखवायची गरज नाही. शोधायची चौकट हवीच. मेनूत सगळं कोंबू नका.

आंतरराष्ट्रीय आवृत्ती आता दरमहा येते. नवी चढवण्याआधी मेनूतले कोणते कोड निष्क्रिय झाले आणि त्यांच्या जागी काय सुचवलंय, ते तपासायला एक माणूस नावानिशी नेमा. त्यात एका डॉक्टरची सही घ्या, कारण सुचवलेले पर्याय कधीकधी एकाहून जास्त असतात.