मक्याच्या दाण्यातल्या पोषणाचं क्यूटीएल मॅपिंग करताय? या चुका टाळा

क्यूटीएल मॅपिंग म्हणजे एखादा गुण क्रोमोसोमच्या कुठल्या भागांमुळे कमी-जास्त होतो ते शोधणं, आणि त्यात सगळ्यांचा जीव सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला. कुठलं मॉडेल लावू, ग्राफ देखणा कसा येईल. आणि दाणे कुठून आणले विचारलं की उत्तर येतं "प्लॉटमधून". अहो पण सेल्फ केलेल्या (त्याच झाडाचा पराग दिलेल्या) कणसाचे की उघड्या परागणाचे?

मक्याचा एन्डोस्पर्म, म्हणजे दाण्यातला पिठाळ भाग, ट्रिप्लॉइड, जनुकांचे दोन डोस आईकडून आणि एक परागकणातून, त्यामुळे शेजारच्या प्लॉटचा पराग उडून आला की दाण्यातलं कॅरोटिनॉइड (पिवळं-नारिंगी रंगद्रव्य) त्याच हंगामात बदलतं. दाण्यात लायसिन-ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं वाढवणारं ओपेक-2 जनुक तर रिसेसिव्ह, त्या झाडावर साधा पराग पडला की तो दाणा साधाच होणार, लायसिन-ट्रिप्टोफॅन गेलं. मॅपिंगसाठी घेतलेला पानाचा डीएनए मात्र तुमच्याच लाइनचा, म्हणजे डीएनए एकाचा आणि दाणा भलत्याचा.

एका ग्रुपचा डेटा आला होता, पांढरा × नारिंगी क्रॉसच्या आरआयएल (पिढ्यान्‌पिढ्या सेल्फ करून स्थिर केलेल्या लाइन), कॅरोटिनॉइडची हेरिटॅबिलिटी, म्हणजे फरकातला आनुवंशिक वाटा, पार झोपलेली, आणि म्हणे मॉडेल बदलून बघा ना. म्हटलं मॉडेल राहू द्या, कणसं आहेत का? नशिबाने थोडी न सोललेली उरली होती. पांढऱ्या लाइनच्या कणसावर मधेच एकेक पिवळा दाणा! आरआयएलच्या सेल्फ कणसावर सगळे दाणे एका रंगाचे हवेत, पिवळा रंग डॉमिनंट असल्याने चोरी लगेच दिसते. बाकी सगळ्याचं पीठ झालेलं, हंगाम वाया.

मी कणसाचे केस बाहेर यायच्या आधीच त्याला पिशवी घालते, आणि सोलण्याआधी प्रत्येक कणीस हातात फिरवून बघते, शंका आली की बाद. कंटाळवाणं आहे, हो. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

याच क्रॉसमध्ये क्रोमोसोम 6 वर ग्राफमध्ये डोंगराएवढं शिखर आलं की पेढे वाटू नका, तिथे दाण्याला पिवळा रंग देणारं वाय1 जनुक बसलंय हे कधीचं माहीत आहे. त्याला कोफॅक्टर करा (मॉडेलमध्ये त्याचा परिणाम आधीच धरा) किंवा फक्त पिवळ्या लाइन घ्या, मग कॅरोटिनॉइडची इतर जनुकं, क्रोमोसोम 8 वरचं एलसीवायई, 10 वरचं सीआरटीआरबी1, दिसायची शक्यता.

लोह मोजायचंय आणि दळताय स्टीलच्या गिरणीत? मग गिरणीचंच मॅपिंग होईल.

80-90 लाइनवर "मेजर क्यूटीएल" जाहीर करणं थांबवा, छोट्या पॉप्युलेशनमध्ये इफेक्ट फुगूनच येतो. क्यूटीएल खरा मानायची मर्यादा म्हणून एलओडी (पुराव्याचा स्कोअर) 3 डोळे झाकून धरू नका, 1000 परम्युटेशन चालवा, म्हणजे डेटा पुन्हा पुन्हा पिसून मर्यादा काढा, कॉम्प्युटर करतो, तुम्ही नाही.

दळलेले नमुने उजेडात, उबेत ठेवले तर कॅरोटिनॉइड उडतं. आणि ट्रिप्टोफॅन नुसतं पिठाच्या टक्क्यात घेतलंत तर एकूण प्रोटीनचेच क्यूटीएल हाती लागू शकतात, म्हणून प्रोटीनमधला टक्काही काढा आणि दोन्ही वेगवेगळे मॅप करा.