बोटीचे इंजिन बसले: दुरुस्त करावे की बदलावे?

बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीने ओढून जेटीला लावली, की त्याच संध्याकाळी सल्ले सुरू होतात. फिटर म्हणतो, "हाफ इंजिन काम (वरच्या भागांची अर्धी दुरुस्ती) केलं की झालं." शेजारचा नाखवा (बोटमालक) म्हणतो, "आता नवीनच बसवा." दोघेही पैशांपासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न पैशांचा नसून कारणाचा आहे, कारण इंजिन कशामुळे गेले हे कळल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज असतो, आणि तेच कारण बोटीत तसेच राहिले तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाते.

म्हणून काहीही खोलण्यापूर्वी तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) शांतपणे विचारावे: धूर काळा होता, निळा होता की पांढरा? ऑइलचे प्रेशर आधी पडले की तापमान आधी चढले? आवाज बदलल्यावर इंजिन किती वेळ चालू ठेवले? त्यानंतर डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे, आणि ते गॅस्केटमधून, फुटलेल्या ऑइल कूलरमधून किंवा तडकलेल्या हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) आलेले असू शकते. मी पाहिलेल्या एका बोटीत "इंजिन खलास" असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) तीन पाती तुटून हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकली होती. तांडेलाने तापमानाचा काटा चढताच इंजिन बंद केले होते, म्हणून काम हेड प्लेन (घासून सपाट) करून घेण्यावर आणि नव्या गॅस्केटवर भागले. तेच इंजिन अर्धा तास तसेच रेटले असते, तर पिस्टन लाइनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) जाम झाले असते.

बोटीत पाणी भरून इंजिन बुडाले असेल, तर ते चुकूनही स्टार्ट करून पाहू नये. बुडालेल्या इंजिनाचा खरा शत्रू पाण्याइतकीच, किंबहुना थोडी अधिक, हवा असते. खारे पाणी निघून गेले आणि हवा लागली की गंज काही तासांत धरतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढावेत, ऑइल सोडून द्यावे, गोड्या पाण्याने आतून धुवावे, मग सिलिंडरमध्ये डिझेल ओतून क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) पान्याने हळूहळू फिरवत राहावे आणि नोझलच्या भोकांतून पाणी येणे थांबेपर्यंत हे करावे. फिटर लगेच येणार नसेल, तर इंजिन बाहेर काढून उन्हात ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे बरे. पहिल्याच दिवशी एवढे केलेले इंजिन बहुधा वाचते. आठवडाभर तसेच पडलेल्या इंजिनावर मात्र मी पैसे लावणार नाही.

दुरुस्तीचे कोटेशन दोन टप्प्यांत मागावे: आधी खोलून मोजण्याचे, मग कामाचे. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) तपासताना एका सिलिंडरच्या आकड्यापेक्षा सर्व सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) सामान्यतः ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी घासून त्या मापाची बेअरिंग घालतात. क्रँक आधीच शेवटच्या मापावर असेल तर ती बदलावीच लागते. लाइनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ही बदलायचीच माणसे, त्यांचे दुःख करू नये. ब्लॉकची (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याची) गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे खारे पाणी थेट फिरलेल्या इंजिनात लाइनरच्या बैठकीजवळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घासले की लोखंड पापुद्र्यांनी निघते, आणि अशा बैठकीत नवा लाइनर घातला तरी पाणी अडत नाही. ब्लॉक आणि क्रँक दोन्ही गेले असतील तर दुरुस्तीचा विचार सोडावा. दोन्ही धड असतील आणि त्या मॉडेलचे सुटे भाग जवळच्या शहरात मिळत असतील, तर दुरुस्ती करावी.

मधल्या परिस्थितीत डिझेलचा हिशेब निर्णय देतो. डिझेल इंजिन साधारणपणे प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला ०.२ लिटर पिते, म्हणजे १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे २० लिटर. झिजलेले इंजिन १० टक्के जास्त पीत असेल, तर दिवसाला १० तास आणि वर्षाला २०० दिवस धरून ४,००० लिटर जादा जळते; लिटरला ९० रुपये धरले तर ३ लाख ६० हजार रुपये. बोट इतकी चालत नसेल तर हाच आकडा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, आणि मग जुने इंजिन दुरुस्त करणेच शहाणपणाचे ठरते.

नव्या इंजिनाची किंमत म्हणजे केवळ इंजिनाची किंमत नव्हे. फाउंडेशन, कपलिंग (गिअरबॉक्स आणि पंख्याचा दांडा जोडणारा सांधा), सायलेन्सरची पाइपलाइन, गिअरबॉक्सचे प्रमाण आणि त्याला जुळणारा पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) हे सगळे त्यात येते. "घेतोच आहोत तर मोठे घेऊ" हा मोह आवरावा: पाण्यावर उचलली न जाता पाणी कापत जाणारी, पाण्याच्या पातळीवर ४० फूट लांब असलेली बोट साधारण साडेआठ नॉटच्या पुढे जात नाही, जादा शक्ती फक्त डिझेल जाळते. आणि बोटीच्या लाकडाचे किंवा फायबरचे आयुष्य पाच वर्षे उरले असेल, तर तिच्यात नवे इंजिन घालण्याआधी ते पुढच्या बोटीत बसवता येईल का, हे पाहावे.

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, त्यामुळे मोठे काम या काळात बसवणे सोयीचे. इंजिन हंगामाच्या मध्येच गेले, तर चुकलेल्या फेऱ्यांचे उत्पन्नही खर्चात धरावे; लेथवर तीन आठवडे अडकणारी स्वस्त दुरुस्ती मग स्वस्त राहत नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस गेल्यावर कपलिंग पुन्हा तपासावे, कारण तरंगताना बोटीचा आकार किंचित बदलतो. फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) कपलिंगच्या दोन फ्लँजमधील (समोरासमोरच्या चकत्यांमधील) अंतर चारही बाजूंनी मोजावे. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नसावा. इंजिन बदलले असेल तर नवा क्रमांक आणि अश्वशक्ती नोंदणी प्रमाणपत्रात व विम्यात लगेच चढवून घ्यावी आणि पहिली फेरी त्यानंतरच काढावी.