लेणी बघायला सुतारकाका

कार्ल्याला मी पहिल्यांदा गेलो तो कॉलेजच्या ट्रिपमधून. चैत्यात, म्हणजे लेण्यातल्या प्रार्थनेच्या मोठ्या दालनात शिरलो, 'बाप रे, केवढं!' म्हणालो, फोटो काढले आणि बाहेर येऊन तिखटमीठ लावलेली काकडी खाल्ली. दहा मिनिटांत लेणी आटोपली. पुढे नोकरी सांभाळून पुण्यात भारतविद्येचा (प्राचीन भारताचा इतिहास, कला वगैरे) शनिवार-रविवारचा कोर्स केला, तेव्हा कळलं की आपण काहीच पाहिलं नव्हतं. 'आपल्याला कलेतलं काही कळत नाही बुवा' म्हणत अशा कोर्सला बिचकणारे बरेच भेटतात, म्हणून हे लिहितोय.

मी चूक केली ती सुरुवातीलाच मूर्तिशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडण्याची. मुद्रा, आयुधं, वाहनं पाठ झाली. नजर होती तिथेच. त्यापेक्षा जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात तासभर बसा. आठव्या शतकातलं हे काम अर्धवट सुटलंय, आणि शिकणाऱ्याला अर्धवटच जास्त शिकवतं. भिंतींचे ओबडधोबड भाग बघा. लेणं वरून खाली खोदत आणतात. आधी छत, जमीन सगळ्यात शेवटी. परांची बांधायची भानगडच नाही.

मग लोणावळा लोकलने मळवली. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. भाजे आधी करा, ते जुनं आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मी काकांना घेऊन गेलो होतो. त्यांची हयात पेठेत सुतारकाम करण्यात गेली. चैत्याच्या दारातच ते थबकले.

"खांब आत का रे कललेत?"

मी वर्गातलं उत्तर जुळवतोय तोवर त्यांनीच सांगून टाकलं. "कमानीचे वासे मेढींना बाहेर रेटतात. म्हणून लाकडात त्या आत कलवून रोवायच्या. पण इथे तर अख्खा डोंगर आहे, रेटणार कोण?"

रेटणारं कुणीच नाही. खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृह होतं, ते त्यांनी कलण्यासकट दगडात उतरवलं. दर्शनी भागात लाकडी पडदी बसवण्यासाठी केलेली भोकंही अजून दिसतात.

कार्ल्याला, म्हणजे शंभर-दोनशे वर्षांनंतर, खांब सरळ उभे आहेत. कारागिरांचा दगडावर विश्वास बसला असावा, असं आपलं माझं मत. तरी छताला लाकडी वासे आहेतच. मूळचे, दोन हजार वर्षांचे, आणि भार म्हणाल तर शून्य! दर्शनी भिंतीवरची स्त्री-पुरुषांची जोडपी मूळची; त्यांच्यामधल्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतर कोरलेल्या. हे कळल्यावर पहिल्या भेटीतले माझे फोटो पुन्हा काढून बघितले. दोन्हींतला फरक इतका ढळढळीत, की हसूच आलं.

रविवारी एकवीरेची गर्दी असते, सुट्टी टाकून मधल्या वारी सकाळी जा. टॉर्च न्या. ब्राह्मी या जुन्या लिपीतली द आणि न ही दोन अक्षरं तरी शिकून जा, कारण खांबांवरच्या अनेक लेखांत 'दानं' हा शब्द येतो. पैसे राजाचेच असणार असं मी धरून चाललो होतो. इथे एकेक खांब वेगवेगळ्या माणसांनी दिलाय, त्यात धेनुकाकट गावचे यवनही, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत.

एका दारापाशी मी काकांना लेख वाचून दाखवला. हे दार केलं धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीनं, वेणुवासाच्या मुलानं.

"वढकी म्हणजे?"

"सुतार."

काका चष्मा पुसून पुढे झाले. "बापाचं नावही घातलंय," म्हणाले, आणि दाराची चौकट खालपासून वरपर्यंत बघत राहिले.