सड्यावरचा रॉक क्रॉलर : मोटर सगळ्यात शेवटी

माझं देवगडात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. बागेतले पंप, बोटींचे अल्टरनेटर, मिक्सर असलं काही ना काही टेबलावर उघडून पडलेलं असतंच. त्यामुळे रिमोटची गाडी घेतलेली पोरं माझ्याकडे येतात ती मोटरचंच विचारायला. भाचासुद्धा तसाच आला. "मामा, गाडी चढणा नाय. मोटर बदलूया काय?" मी म्हटलं, "आधी चाकां बघ."

नवशिक्यांना मी तेच सांगतो. क्रॉलर ही दगडांवरून सावकाश चढणारी गाडी. तिचा वेग माणसाच्या चालीइतका असला तरी पुष्कळ झाला. खर्च करायचाच तर आधी टायर आणि वजन, मग सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर), मग मीठपाण्यापासून बचाव, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

गाडी कुठली घ्यायची? खळ्यात नाहीतर पायरीवर खेळायची असेल तर १/२४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी पुरते, एक्सियलची एससीएक्स २४ वगैरे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर न्यायची तर १/१० घ्या. जांभ्याच्या भोकात छोटीचं आख्खं चाक अडकून बसतं. एक्सियलची एससीएक्स १० आणि ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ ही या मापातली जुनी, सुटे भाग मिळणारी नावं. तयार गाडीपेक्षा किट घेऊन स्वतः जोडली तर पुढे काय मोडलंय ते आवाजावरून कळतं.

जोडताना घाई नको. चांगले हेक्स ड्रायव्हर घ्या, १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे. पाकिटात येणाऱ्या फुकटच्या अ‍ॅलन कीने स्क्रूची डोकी गोल होतात आणि मग ड्रिल लावायची पाळी येते. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी थोडा उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मग आवळा. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथेच. प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिकं तडकतात.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि त्याला भिडणारा मोठा स्पर गिअर यांच्यामधली फट बघायला वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी लागते. पट्टी दोन गिअरांच्या मधे धरा, मोटर सरकवून दाबा, मोटरचे स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर दातांच्या बारीक चुण्या उमटायला हव्यात. फाटून आली तर गिअर फार घट्ट बसलेत. चुण्याच नसतील तर दात लवकरच सोलवटतील.

डिफरेन्शियल लॉक का लागतो ते समजून घ्या. साध्या गाडीत एक चाक अधांतरी गेलं की सगळी ताकद त्याच चाकात जाते आणि दुसरं जागचं हलत नाही. क्रॉलरमध्ये पुढची दोन्ही आणि मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. टीआरएक्स-४ सारख्या गाडीत हा लॉक रिमोटवरून घालता-काढता येतो. लॉक असला की वळायला जागा जास्त लागते, त्याला इलाज नाही.

आता चाकं. १/१० मध्ये १.९ इंची रिम चालते. बीडलॉकवाली घ्या. तिच्यात टायर गोंदाने न चिकटवता रिंग आणि स्क्रूंनी आवळून धरतात, त्यामुळे आतला फोम बदलता येतो. या टायरात हवा भरलेली नसते, सगळा भार फोमवर. म्हणून टायर मऊ रबराचा हवा, आणि फोमही असा की दगडाच्या कडेवर टायर घडी पडून बसेल. आतला फोम कडक वाटला तर गादी-सोफेवाल्याकडचा तुकडा कापून बघा, पण तो पाणी पितो हे लक्षात ठेवा. ओढ्यात जाणार असाल तर बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम घ्या, रिमची भोकं टेपने बंद करा आणि टायरच्या मधल्या पट्ट्यात दोन बारीक भोकं पाडा. टायर दबला की पाणी तिथून बाहेर पडतं.

आमचा जांभा कोरडा असला की पकड झकास देतो, पण त्याच्या धारेवर मऊ रबर खरवडून निघतं. चढताना चाक जागच्या जागी फिरू दिलंत तर टायरची नक्षी लवकर जाते. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरतं, मग कुठलाही टायर लावा, घसरणारच.

वजनाकडे या. गाडी चढावर मागे कोलमडते ती पुढे हलकी असते म्हणून. साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर हवा. घरातल्या डिजिटल काट्यावर फळी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि पुढची दोन चाकं फळीवर चढवा. मागची दोन तेवढ्याच उंचीच्या पाटावर. मग उलट करून बघा. ३ किलोच्या गाडीत पुढे १८०० ग्रॅम आणि मागे १२०० आले की झालं.

आधी बॅटरी पुढे आणि खाली सरकवा, त्याला पैसे पडत नाहीत. उरलेलं वजन चाकांत आणि अ‍ॅक्सलवर घाला, म्हणजे स्प्रिंगवर भार येत नाही. पितळी नकल आणि हब (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक धरणारे भाग) विकत मिळतात. पण बंदरावर जाळ्याचं शिसं मिळत असताना एवढा खर्च कशाला? पंक्चरवाल्याकडच्या चाक बॅलन्सिंगच्या पट्ट्याही चालतात. पुढच्या दोन्ही रिमच्या आत सारख्या वजनाच्या पट्ट्या गोलाकार चिकटवा, वरून इन्सुलेशन टेप. शिसं विषारी असतं. हात साबणाने धुवा, ते घरात वितळवू नका आणि लहान पोरांच्या हाती पडू देऊ नका. उलट छपरावर कॅरिअर, कॅन, शिडी असली सजावट करणारे मी बघतो. फोटोत बरी दिसते, आडव्या उतारावर गाडी लगेच कलंडते.

चाकं जड आणि चिकट झाली की मूळचा सर्वो रडायला लागतो. धातूच्या गिअरचा, २० ते २५ किलो ताकदीचा घ्या. आणि इथे बहुतेकांची गाडी अडते. चाक भेगेत अडकलं, तुम्ही स्टिअरिंग पूर्ण फिरवलंत आणि गाडी क्षणभर मेली, तर रिमोटला दोष देऊ नका. सर्वोने जास्त करंट ओढला, ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीचा, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाचा व्होल्टेज पडला आणि रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर बंद होऊन परत चालू झाला. वेगळा बीईसी लावा, सर्वोवर लिहिलेल्या व्होल्टेजइतकाच. मात्र ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी लाल वायर काढून तिच्या टोकाला टेप लावा, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांवर येतील. वळण पूर्ण घेतल्यावर सर्वो घोंघावत राहिला तर रिमोटमधून एंड पॉइंट, म्हणजे सर्वो किती वळायचा ती हद्द कमी करा.

खारी हवा हा आमच्याकडचा खरा शत्रू. काळे स्टीलचे स्क्रू मजबूत पण गंजतात. स्टेनलेसचे सहजी गंजत नाहीत, पण मऊ असतात. म्हणून बॉडी, बंपर, बॅटरी ट्रे इथे स्टेनलेस, आणि हब, ड्राइव्हशाफ्ट अशा जोर येणाऱ्या जागी काळेच, ग्रीस लावून. चाक ज्यावर बसतं तो अ‍ॅल्युमिनियमचा षटकोनी हेक्स स्टीलच्या अ‍ॅक्सलवर कोरडा बसवलात तर मीठपाण्याने दोन्ही धातू असे चिकटतात की पुलरच लागतो. बोटवाल्यांच्या दुकानात मरीन ग्रीस मिळतं, त्याचा पातळ हात द्या. पुळणीवर किंवा खाजणात गाडी फिरवून आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, सायकलच्या पंपाने हवा मारून वाळवा आणि बेअरिंगांत तेलाचा थेंब सोडा. सकाळपर्यंत ठेवलीत तर बेअरिंग करकरायला लागतात.

लायपो बॅटरीचं थोडक्यात: सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवरच चार्ज करा, सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, ईएससीचा कटऑफ (बॅटरी उतरली की मोटर थांबवणारी सेटिंग) लायपोवर ठेवा. गाडी पडून राहणार असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही.

चालवायला शिकायला पाखाडीसारखी (दगडी पायऱ्यांच्या वाटेसारखी) जागा नाही. आधी चाकाच्या निम्म्या उंचीचा दगड घ्या. पायरीला सरळ भिडू नका, थोडं तिरकं जा म्हणजे एकेक चाक वर येतं. लांबून वेग घेऊन आदळू नका, अ‍ॅक्सलचे जॉइंट जातात. कुडोपी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांवर आणि त्यांच्या आसपास गाडी अजिबात न्यायची नाही. पावसाळ्यात सडा फुलतो तेव्हा फुलांवरूनही नाही.

आता मोटर. ५४० मापाची ब्रशवाली, ३५ टर्नची (वेढ्यांची) मोटर २एस, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीवर नवशिक्याला भरपूर झाली. ३एस (तीन सेलची) वापरायची तर ४५ किंवा ५५ टर्न. वेढे वाढले की त्याच व्होल्टेजला फेरे कमी होतात आणि हळू चालवताना हात नेमका बसतो. ईएससी ड्रॅग ब्रेकवाला हवा, ट्रिगर सोडल्यावर गाडी उतारावर जागीच थांबली पाहिजे. गाडी चालवून झाली की मोटरला बाहेरून हात लावून बघा. चटका बसून बोट ठेववत नसेल तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करा. जोर कमी वाटला की आधी ब्रश बघा, झिजून आखूड झालेत का, आणि ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडलाय का. बहुतेक वेळा मोटर चांगलीच असते, तिच्यात पुळणीची रेती गेलेली असते.