परागकणांवरून खडकाचं वय काढताय? या चुका टाळा

परागकण हवे आहेत म्हणून बडोद्याहून पावागड गाठू नका. जवळ असला तरी तो लाव्हाचा डोंगर आहे. आजूबाजूचे चांपानेर गटाचे खडक तर जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधीचे. दक्षिणेला वळा: भरूच जिल्ह्यातलं राजपारडी, सुरत जिल्ह्यातलं वस्तान, तिथल्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणी. तिथेही लाल-पिवळा थर सोडा, कारण हवा लागलेल्या खडकात परागकणाचं कवच टिकत नाही. वरचा उन्हापावसात झिजलेला भाग खरवडून आतला राखाडी किंवा काळा शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्रेदार खडक, घ्या.

प्रयोगशाळेत सर्वात जास्त नमुने ॲसिडचा क्रम चुकल्यानं वाया जातात. आधी हायड्रोक्लोरिक ॲसिड, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. मग पाणी बदलून बदलून धुवायचं, आणि त्यानंतरच हायड्रोफ्लोरिक. धुण्यात घाई केली की उरलेल्या कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. तो सहजी विरघळत नाही आणि स्लाइडवर परागकण त्याच्याआड दडून जातात. हायड्रोफ्लोरिक काच खातं, म्हणून भांडं प्लास्टिकचंच हवं. वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड चालू हवा आणि या ॲसिडच्या भाजण्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी हवी. त्यानं भाजलेली जागा कधी कधी काही तासांनंतर दुखायला लागते, त्यामुळे या बाबतीत सवलत नाही म्हणजे नाही.

लिग्नाइट नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर सोडून घरी जाऊ नका. पातळ भिंतीचे परागकण नाहीसे होतात, जाड भिंतीचे बीजाणू तेवढे उरतात आणि त्या काळी तिथे नेच्यांचंच राज्य होतं असं वाटू लागतं. थोड्या थोड्या वेळानं थेंब काढून मायक्रोस्कोपखाली बघत राहा.

स्लाइडमध्ये कडुलिंब किंवा गवताचा फुगीर, आतला ऐवज शाबूत असलेला कण दिसला, तर तो खिडकीतून आलाय. चैत्रात कडुलिंब फुलतो तेव्हा बीकर झाकून ठेवा. खडकातला कण बहुधा चपटा आणि पोकळ असतो.

याहून फसवा असतो जुन्या खडकातून वाहून आलेला कण. दोन हवेच्या पिशव्या आणि अंगावर पट्टे असलेले परागकण पर्मियनमध्ये, म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, मुबलक होते. त्याच्या खूप नंतरच्या इओसीन काळातल्या थराच्या स्लाइडमध्ये असा एखादा गडद, झिजलेला कण सापडला म्हणून थर पर्मियन होत नाही. त्याचा रंग आणि तो सफ्रानिन (कण रंगवायचं लाल द्रव्य) कितपत धरतो ते शेजारच्या कणांशी ताडून बघा. कण थरात असणं आणि थराच्या वयाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४० च्या दशकात बिरबल साहनींसारख्या थोर अभ्यासकानं पंजाबच्या सॉल्ट रेंजमधल्या मिठाच्या थरांत वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष पाहून ते थर इओसीनचे मानले होते. पुढे ते कँब्रियनच्या, म्हणजे पर्मियनच्याही कितीतरी आधीच्या काळाच्या, सुरुवातीचे किंवा त्याही आधीचे ठरले.

विहिरीच्या खोदकामातला चुरा असेल, तर वरच्या थरांतले तुकडे खाली पडून मिसळलेले असतात. म्हणून एखादी प्रजाती किती खोलवर मिळाली यापेक्षा वरून खाली येताना ती पहिल्यांदा कुठे दिसली, ते धरा.

आणि एकाच प्रजातीवर वय ठरवू नका. गुळगुळीत त्रिशाखी बीजाणू कोट्यवधी वर्षं जवळपास तसेच राहिले. त्यांच्यावरून काही ठरत नाही. पूर्ण समूह मोजा. त्यातूनही मिळतं ते सापेक्ष वय, म्हणजे कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा एवढंच. वर्षांचा आकडा देण्यासाठी दुसरा आधार लागतो. वस्तानला सागरी थरांतल्या नमुलाइट्सवरून (नाण्यासारखे दिसणारे एकपेशी सागरी जीवाश्म) थर इओसीनच्या सुरुवातीचा ठरतो, पण तेही सापेक्ष वयच. अहवालात आकडा लिहाल, तेव्हा तो कशावरून आला हेही त्याच ओळीत लिहा.