साथ आली की वाडीचा वाटा कसा मागायचा

साथीच्या दिवसांत साहेबांपुढं जाऊन ‘आमच्या वाडीकडं लक्ष द्या’ असं कधी म्हणू नका. साहेब ‘बघतो’ म्हणतात आणि खरंच नुसतं बघतात. उद्या सकाळी सही करून टाकता येईल एवढंच, आणि एकच, मागा. शाहूवाडी तालुक्यात गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी, म्हणून आशाताईंबरोबर कोरोनाचा काळ काढला, त्यातून हे शिकले.

आधी यादी करा. लस किती जणांना मिळाली ही यादी सरकारकडं असतेच. तुमची यादी ज्यांना मिळाली नाही त्यांची. नाव, वय, वस्ती आणि अडचण असे चार रकाने पुरे. त्यातला अडचणीचा रकाना भरताना घाई करू नका, सगळं काम तिथंच आहे. ‘लोक घाबरतात, अडाणी आहेत’ असं कार्यालयात सर्रास लिहितात. घरात जाऊन बसलं की वेगळंच निघतं. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, पण मोबाइलवर आधी नोंदणी केली तरच. धनगरवाड्यावर रेंजसाठी टेकावर चढावं लागतं. शहरातली पोरं घरबसल्या नंबर लावून गाडीनं गावच्या केंद्रावर यायची, आणि गावची पोरं कठड्यावर बसून बघायची. याला भीती म्हणायचं?

म्हशींचंही तसंच. त्याच महिन्यात राज्यानं १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केलं, त्यात आपला कोल्हापूर होता. एका खोलीच्या घरांसाठी ते बरोबरच होतं म्हणा. पण बाई पॉझिटिव्ह निघून विलगीकरण केंद्रात गेली तर धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार? म्हणून बायका तपासणीलाच येईनात. ‘जनजागृती करा’ हे त्यावरचं औषध नव्हे. शेजारचं कोण दोन वेळा धार काढेल ते आधी ठरवायचं, त्याचं नाव ग्रामसमितीच्या वहीत लिहायचं, आणि मग त्या बाईला तपासणीला चल म्हणायचं. कुठल्याही शासन निर्णयात हे सापडणार नाही.

शासन निर्णय मात्र वाचा. बातमीवर जाऊ नका, मूळ कागद काढून त्याची झेरॉक्स पिशवीत ठेवा. ओळखपत्र नाही म्हणून माणूस परत पाठवला की आम्ही केंद्र सरकारची ६ मे २०२१ ची कार्यपद्धती पुढं करायचो. ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची ते त्यात सांगितलेलं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी म्हातारी आणि दिव्यांग माणसं यांच्यासाठी समाजमंदिरात, शाळेत, घराजवळ केंद्र काढायची सूचना आली. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर आलं तर न भांडता एवढंच म्हणा, ‘साहेब, हे तुमचंच पत्र आहे.’

अर्ज एका पानाचा असावा आणि योग्य टेबलावर जावा. लसीचं सत्र हवं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लिहा, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या. शाळेची खोली किंवा गाडी हवी तर ग्रामपंचायत आणि गटविकास अधिकारी. मजकूर साधा ठेवा: ‘अमुक वाडीत ४५ वर्षांवरील इतके लोक शिल्लक आहेत. केंद्र इतक्या किलोमीटरवर आहे, एसटी बंद आहे. अमुक तारखेला शाळेत सत्र घ्यावं. खोली, पाणी आणि माणसं गोळा करणं आमच्याकडं.’ शेवटचं वाक्य सोडू नका, नाही म्हणायला जागा कमी उरते. आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. एरवी ३० दिवसांची मुदत, पण माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. खाटा किती शिल्लक, ऑक्सिजन कुठं, अशा प्रश्नांना हे ४८ तासांचं कलम अर्जात ठळक लिहा.

खासगी दवाखान्याच्या बिलाची गोष्ट वेगळी. मे २०२० मध्ये राज्यानं ८० टक्के खाटांना दर बांधून दिले होते: साधी खाट दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढं जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडून लहान गावांचे दर कमी केले. म्हणून दाखल करतानाच त्या दिवशी लागू असलेलं दरपत्रक मागा, आणि पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका. जास्त घेतले असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयात बिलाची प्रत जोडून तक्रार करा.

एक सांभाळा. यादीतली नावं व्हॉट्सॲपवर टाकू नका. ग्रुपवर फक्त आकडे. नाव फुटलं की त्या घराचं दूध, पाणी, बोलणं सगळं तुटतं, आणि पुढची चार घरं आजार लपवतात.

सत्र मंजूर झालं की वेळ तुम्ही सांगा, नाहीतर कार्यालयाच्या सोयीनं अकरा ते तीन ठरते आणि रोजंदारीची माणसं तेव्हा रानात असतात. सकाळचं दूध संकलन उरकल्यावर लगेच बरं. ऊसतोड टोळीसाठी अंधार पडल्यावर खोपीवरच जावं लागतं. २०२१ च्या नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’, म्हणजे घरोघरी जाऊन लस द्यायची मोहीम, आलं आणि तेव्हाच गळीत हंगाम सुरू झालेला. लसीच्या नोंदणीत मुकादमाच्या एका मोबाइल नंबरवर चारच नावं बसायची, म्हणून जादा दोन फोन बरोबर न्यायचे. कोविशील्डचा दुसरा डोस तेव्हा ८४ दिवसांनी असायचा, तोवर टोळी कुठं असेल कुणास ठाऊक. चिठ्ठीवर पुढची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि टोळी बीडची असेल तर तिच्या गावच्या आशाताईचा नंबर त्याच रात्री मुकादमाकडून घेऊन ठेवा.