टुटूच्या रचनेवरून १९५०च्या घेरदार स्कर्टचा आतला परकर कसा शिवावा

१९५०च्या दशकातील स्कर्टचा कमरेशी बारीक आणि खाली घंटेसारखा फुललेला आकार हवा असेल, तर नुसता वरच्या कापडाचा घेर वाढवून भागत नाही. पूर्ण वर्तुळात बेतलेले सुती किंवा रेशमी कापडही स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि चालताना पायांत येते. तो आकार धरून ठेवतो आतला जाळीचा परकर, आणि या परकराची रचना बॅले नर्तिकेच्या टुटूवरून, म्हणजे तिच्या अनेक थरांच्या फुललेल्या झग्यावरून, समजून घेतली की प्रत्येक टाक्यामागचे कारण कळते. पुढील बेत कमर ७० सेमी, नितंब ९५ सेमी आणि स्कर्टची लांबी ७० सेमी अशा मापांसाठी आहे. आपल्या मापांप्रमाणे त्यात बदल करून घ्यावा.

सर्वप्रथम कोणता टुटू डोळ्यांसमोर ठेवायचा हे ठरवावे. टुटू म्हटले की बहुतेकांना कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला, आत तारेचे कडे घातलेला आखूड झगा आठवतो. तो प्रकार १९व्या शतकाच्या अखेरीस, नर्तिकांच्या पायांची अवघड कामगिरी प्रेक्षकांना दिसावी म्हणून झगा उत्तरोत्तर आखूड होत गेल्यानंतर रूढ झाला. आपल्याला हवा आहे त्याचा पूर्वज. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीड’ या बॅलेत नर्तिका मारी तालियोनी पोटरीपर्यंत पोहोचणाऱ्या, विरळ पांढऱ्या कापडाच्या अनेक थरांच्या झग्यात रंगमंचावर आली आणि हाच झगा पुढे ‘रोमँटिक टुटू’ म्हणून ओळखला गेला. त्याची घंटेसारखी ठेवण त्या काळच्या नेहमीच्या स्त्रीपोशाखातूनच आली होती. पोशाखाच्या चाली नंतर अनेकदा बदलल्या, रंगमंचाने मात्र हा आकार आणि तो शिवण्याची विद्या दोन्ही जपली. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पोशाखकार क्रिस्तियाँ दिओर यांनी पॅरिसमध्ये आपला पहिला पोशाखसंग्रह दाखवला. त्यातील बारीक कमरेच्या आणि घेरदार स्कर्टच्या एका घाटाला त्यांनी फुलाच्या पाकळ्यांच्या वर्तुळावरून ‘कोरोल’ हे नाव दिले होते; साऱ्या संग्रहाला जगाने ‘न्यू लुक’ म्हटले. त्याच वर्षी दिओर यांनी नृत्यरचनाकार रोलाँ पती यांच्या ‘त्रेझ दाँस’ या बॅलेचे पोशाख केले, आणि पुढे नर्तिका मार्गो फॉन्टेन त्यांच्या नियमित ग्राहक झाल्या. मला हा धागा फार मोलाचा वाटतो, कारण शिवणकामात जे तत्त्व आपण वापरणार आहोत ते दोन्हीकडे एकच आहे: वरचा थर खालच्या थराच्या आधारावर उभा राहतो.

आता कापडाकडे वळू. तालियोनीच्या काळी टुटूसाठी खळ दिलेले विरळ सुती कापड वापरत. ते दमट हवेत मऊ पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी सहज मिळू लागली आणि ही अडचण संपली. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात वापरायचा परकर असेल, तर नायलॉनच घ्यावे. आपल्याकडचे कापडवाले आणि शिंपी घागऱ्याच्या आत लावायच्या कडक जाळीला ‘कॅनकॅन’ म्हणतात. मुंबईच्या मंगळदास मार्केटसारख्या कापडबाजारात याच नावाने मागितल्यास हवी ती जाळी पुढे येते. मात्र सर्वांत कडक जाळी घेऊ नये. मुठीत चुरगाळून सोडल्यावर जी सावकाश उलगडते ती योग्य. जी झटकन उसळते तिचा परकर खोक्यासारखा दिसतो. १४० सेमी पन्ह्याची जाळी साडेतीन मीटर पुरते. तिच्याबरोबर वरच्या पट्ट्यासाठी अर्धा मीटर केम्ब्रिक (घट्ट विणीचे सुती कापड) आणि अस्तरासाठी मलमल घ्यावी.

संपूर्ण बेतात महत्त्वाचा भाग म्हणजे हा वरचा पट्टा, म्हणजेच योक, आणि नेमका तोच घाईत गाळला जातो. टुटूची जाळी कमरेवर शिवलेली नसते. कमरेपासून खाली अंगाबरोबर बसणारा कापडी पट्टा असतो आणि जाळीचे थर त्याच्या खालून, नितंबाच्या पातळीवरून सुरू होतात. जाळीच्या चुण्या कमरेवर आणल्या, तर तेथेच जाडी वाढते आणि ज्या बारीक कमरेसाठी हा सारा खटाटोप, तीच हरवते. म्हणून केम्ब्रिकचा १८ सेमी उंचीचा योक खालच्या कडेला १०० सेमी ठेवून, कमरेकडे चार टक्स (निमुळत्या दुमडी) आणि बाजूच्या तिरक्या शिवणी घेऊन ७० सेमीपर्यंत आणावा. डाव्या बाजूला चेन लावावी. नाडी किंवा इलॅस्टिक घालू नये. त्याच्या चुण्या वरच्या स्कर्टमधून उमटतात.

जाळी कापण्यापूर्वी ती उभी आणि आडवी ताणून पाहावी. ज्या दिशेने ती कमी ताणली जाते ती दिशा पट्टीच्या उंचीत यावी, नाहीतर थर काही दिवसांत ओघळतात. सहसा पन्ह्याच्या आडव्या पट्ट्या कापल्या की हे आपोआप साधते. परकराला जाळीचे दोन थर असतील आणि प्रत्येक थरात दोन टप्पे असतील. पहिल्या टप्प्यासाठी २४ सेमी उंचीच्या दोन पट्ट्या जोडून २०० सेमी लांबी घ्यावी. दुसऱ्यासाठी २७ सेमी उंचीच्या तीन पट्ट्या जोडून ४०० सेमी. यांखेरीज १० सेमी उंचीच्या सहा पट्ट्या जोडून ८०० सेमी लांबीची झालर तयार करावी. योकच्या १०० सेमीवर २००, तिच्यावर ४००, तिच्यावर ८००, असा प्रत्येक पायरीला घेर दुप्पट होत जातो. खालची कड दुमडू नये. १८०९ साली जॉन हीथकोट यांनी यंत्रावर विणलेल्या जाळीचे पेटंट घेतले तेव्हापासून यंत्राच्या जाळीचा हा गुण शिवणाऱ्यांच्या उपयोगी पडला आहे: तिचे धागे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे कापलेली कड उसवत नाही, आणि दुमडीचे वजन वाचल्यामुळे थर हलका राहतो.

चुण्यांसाठी प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेजवळ मशीनवर सर्वांत लांब टाक्याच्या दोन समांतर शिवणी माराव्यात. पट्टीचे आणि ज्यावर ती बसवायची त्या कडेचे चार समान भाग करून खुणा जुळवाव्यात, आणि मगच दोरे ओढावेत. चार मीटर जाळी एका दोऱ्यावर ओढू गेल्यास तो हमखास तुटतो, म्हणून या चारांपैकी प्रत्येक भागाच्या शेवटी दोरा तोडून नव्याने सुरुवात करावी. दोन्ही थर असे स्वतंत्रपणे तयार झाल्यावर ८०० सेमीची झालर आतल्या थरावरच, खालच्या कडेपासून १० सेमी वर, शिवावी. बाहेरच्या थराला झालर नको. आतला थर झालरीमुळे बाहेर फेकला जातो आणि बाहेरच्या थराला अलगद उचलतो. टुटूत खालचे आखूड थर वरच्या लांब थरांना जसे पेलतात, तसेच. शेवटी दोन्ही थर योकच्या खालच्या कडेला एकत्र जोडून, जाळी पायांना टोचू नये म्हणून आतून मलमलीचे साधे अस्तर लावावे. परकराची एकूण लांबी ६५ सेमी भरेल, म्हणजे वरच्या स्कर्टपेक्षा ५ सेमी कमी.

यानंतरचे काम हाताचे आहे आणि त्यात घाई करू नये. चालताना थर एकमेकांपासून सुटून वेडेवाकडे पडू नयेत म्हणून टुटूचे थर सैल टाक्यांनी एकमेकांना बांधतात. हे टाके किती सैल ठेवायचे यावर सारे रूप अवलंबून असते. खारकीव्हमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे पोशाख घडवणाऱ्या बार्बरा कारिन्स्का यांनी १९५०मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांच्या ‘सिम्फनी इन सी’साठी तारेचे कडे काढून टाकले आणि थोड्या आखूड थरांना अगदी सैल टाके घालून पावडर लावण्याच्या फुलासारखा मऊ टुटू केला. आपल्या परकरालाही तीच मऊ ठेवण शोभते. दोन टप्पे जोडणाऱ्या शिवणीवर समान अंतराने आठ ठिकाणी दोन्ही थर बांधावेत, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे २ सेमी दोरा मोकळा सोडून गाठ मारावी. परकर अंगात घालून, वर स्कर्ट चढवून आरशात बाजूने पाहावे. कोठे फुगवटा आलाच, तर तेथील टाका तोडून अधिक सैल घालावा.

जाळीला आगीपासून जपावे, हे मी मनापासून सांगते. नोव्हेंबर १८६२मध्ये पॅरिस ऑपेराची तरुण नर्तिका एमा लिव्ह्री हिचा झगा तालमीच्या वेळी दिव्याच्या ज्योतीवर पेटला आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. ज्वालारोधक द्रावणात बुडवलेले कापड तेव्हा उपलब्ध होते, परंतु ते मळकट आणि ताठ दिसते म्हणून तिने ते नाकारले होते. नायलॉन पेट घेतेच, शिवाय वितळून त्वचेला चिकटते. समया, पणत्या आणि गॅस यांच्या जवळ हा परकर घालून जाऊ नये, आणि लहान मुलीसाठी शिवत असाल तर दिवाळीच्या दिवसांत तो कपाटातच ठेवावा.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. जाळी पिळू नये. इस्त्री लागलीच, तर अगदी मंद तापमानावर, वर सुती कापड ठेवून करावी. जुन्या काळी परकर ताठ राहावा म्हणून साखरेच्या पाण्यात बुडवीत. आपल्याकडे त्याला मुंग्या लागतील, आणि नायलॉनला त्याची गरजही नाही. ठेवताना टुटूप्रमाणे तो उलटा टांगावा, म्हणजे योक खाली आणि झालर वर, म्हणजे जाळीचे थर वजनाने खाली ओघळत नाहीत. घालण्यापूर्वी सुलटा करून दोन-तीनदा झटकला की तो पुन्हा फुलतो.